उचलून नेऊ, फादर!

"पायऱ्या म्हणाल तर दोनच आहेत, फादर. आणि असल्या तरी काय बिघडले? आमची मुले आहेत; खुर्चीसकट उचलून नेऊ!"

2024 सालच्या ऑक्टोबर महिन्यात हे वाक्य मी दूरध्वनीवर निरनिराळ्या आवाजांत इतक्या वेळा ऐकले की, पुढेपुढे समोरचा माणूस बोलण्याआधीच ते मला ऐकू येऊ लागले. बोलणारे सारे भले लोक होते. बहुतेक आपल्याच समाजातले होते. त्यांच्या या भलेपणाविरुद्ध आज मला तक्रार करावयाची आहे. ती करताना माझा स्वर थोडा चढला तर पन्नाशी उलटलेल्या एका धर्मगुरूचा चिडका स्वभाव म्हणून वाचकांनी तो सोडून देऊ नये.

प्रसंग असा. आमच्या धर्मग्रामात मोशीच्या बाजूला राहणारे एक कुटुंब आहे. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातून पोटासाठी पिंपरीत आले. मुलगा पिंपरीतच कारखान्यात लागला आणि नातू चाकणला एका मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासनीस झाला. 2017 साली दुसरी पाळी संपवून परतताना पुणे-नाशिक रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि पाठीचा कणा दुखावला. तेव्हापासून कमरेखालचे शरीर त्याचे राहिलेले नाही. घरी त्याची आई, पत्नी आणि दोन मुले. घर दुसऱ्या मजल्यावर, सुदैवाने लिफ्ट असलेले. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. नाव तेवढे त्याने नको म्हटले.

2014 साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला आमची बस जुन्या गोव्याला गेली होती, तेव्हा धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन तो रांगेत उभा होता. हे दर्शन दहा वर्षांनी एकदा होते. 2024च्या नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर ती मुलगी बापाला म्हणाली, आपण पुन्हा जाऊ. आणि या वेळी तीन दिवस राहू, समुद्र बघू. बापाने ते माझ्याकडे आणले. "फादर, आपले लोक आहेत तिकडे. एखादे घर बघाल का?"

मी मोठ्या उत्साहाने हो म्हटले. वास्तविक तेथेच माझी पहिली चूक झाली, कारण मी काय शोधायला निघालो आहे हे मलाच ठाऊक नव्हते. हॉटेल नको होते. बड्या तारांकित हॉटेलांतून अपंग पाहुण्यासाठी एखादी खोली राखलेली असते, हे खरे. पण तिचे एका रात्रीचे भाडे ऐकले की पगारदार माणसाला दर्शन घरूनच बरे वाटू लागते. शिवाय पाच माणसे, त्यांत एक म्हातारी, पथ्याचे जेवण, औषधे आणि दिवसातून अनेकदा लागणारा एकांत. अशा कुटुंबाला स्वयंपाकघर असलेले घरच भाड्याने हवे असते. अशी घरे गोव्यात आहेत, वसईत आहेत, अलिबाग-मालवणला आहेत, लोणावळ्यात तर चढाओढीने आहेत. त्यांतली पुष्कळ आपल्या समाजाची आहेत. मुलगा कुवेतला किंवा कॅनडात गेला, घर रिकामे राहिले, मग रंग लावून पाहुण्यांना देऊ केले. त्यात गैर काहीच नाही.

मी फोन करू लागलो. "चाकांची खुर्ची घरात फिरेल का?" एवढा एकच प्रश्न मी विचारत असे. एकाने सांगितले, सगळे घर तळमजल्यावर आहे, प्रश्नच नाही. दुसऱ्याने सांगितले, मागच्या वर्षी एक आजीबाई येऊन गेल्या, त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, काही अडचण आली नाही. एका बाईंनी मला न्हाणीघरातल्या इटालियन फरशीचे वर्णन ऐकवले. नाही असे कोणीही म्हटले नाही. हे लक्षात ठेवा. इतक्या फोनांत एकदाही मला स्वच्छ शब्दांत नकार मिळाला नाही, आणि एकदाही कोणी इंचांत उत्तर दिले नाही.

शेवटी उत्तर गोव्यातले एक जुने घर ठरले. मालक चांगले, श्रद्धाळू गृहस्थ. "दोनच पायऱ्या" हे त्यांचेच शब्द.

पायऱ्या पाच होत्या. बाल्कांवाच्या तीन पायऱ्या मालकांनी मोजल्याच नव्हत्या. त्या तर घराच्याच, त्या कोण मोजतो? जो रोज चढतो त्याला पायरी दिसत नाही. त्यांनी खरोखरच चार तरुण बोलावले आणि खुर्ची उचलली. पाचवीवर एकाचा हात सुटला आणि खुर्ची कलली. पडले कोणी नाही. पण आई ओरडली, मुलगी रडू लागली आणि सुटीचा आरंभ अशा रीतीने झाला. पुढे जे झाले ते सांगणे भाग आहे, कारण यावर आपण बोलत नाही म्हणूनच ते होत राहते. न्हाणीघराचे दार 22 इंच रुंद होते आणि त्याची खुर्ची 26 इंच. चार इंचांसाठी तो माणूस तीन दिवस न्हाणीघरात जाऊ शकला नाही. पहिल्या रात्री पत्नीने आणि आईने मागच्या पडवीत चादर धरून त्याला अंग पुसून दिले. दुसऱ्या दिवसापासून त्याने पाणी पिणे सोडले. पाणी नाही म्हणजे जाणे नाही, असा त्याचा साधा हिशेब. जेवणही एक वेळ. मुलांना सांगितले, दर्शनाचा उपास आहे. पवित्र अवशेषांचे दर्शन झाले, समुद्रही दुरून दिसला, आणि पिंपरीला परतल्यावर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने आठवडाभर ताप आला. कण्याची दुखापत झालेल्या माणसाला पाणी कमी करणे किती महागात पडते, हे मला त्याच्या डॉक्टरांकडून तेव्हा कळले.

मालकांनी शेवटच्या दिवसाचे भाडे घेतले नाही. रोज माशाचे कालवण पाठवले. निघताना त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणूनच म्हणतो, मला दुर्जनांशी भांडायचे नाही. दुर्जन माणसाशी भांडण सोपे असते. माझे भांडण या गोड होकाराशी आहे. फोनवर त्यांनी "दार 22 इंच आहे" एवढे सांगितले असते तर? घर हुकले असते, भाडे हुकले असते, आणि एक माणूस आपल्या मुलीसमोर तीन दिवस तहानलेला राहिला नसता. सरळ नकार देणे ही त्या घरमालकाने केलेली मोठी सेवा ठरली असती. होकाराला होकाराचे आणि नकाराला नकाराचेच मोल असावे, असे प्रभूने शिष्यांना बजावून ठेवले आहे. आपण मात्र समोरच्याचे मन राखण्यासाठी दिलेल्या खोट्या होकाराला सौजन्य म्हणू लागलो आहोत. पापनिवेदनात हे पाप मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

आणि ते "उचलून नेऊ"! त्यामागची कणव मला समजते. पण ज्याला उचलतात त्याला कोणी विचारले आहे काय? त्याने मला सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहितो: "फादर, कंपनीत जड माल उचलायला क्रेन असते आणि क्रेनवाल्यालाही आधी परवाना लागतो. मला मात्र कोणीही उचलावे." चार अनोळखी हात, कोणाचा काखेत, कोणाचा मांडीखाली, मांडीला संवेदना नाही, म्हणजे खरचटले तरी कळणार नाही, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरून येणार नाही. रात्री समुद्राचा वारा घ्यायला अंगणात जावेसे वाटले तर चार माणसांना झोपेतून उठवायचे. असा माणूस मग वाराच नको म्हणतो.

येथे कोणी तरी मला कफर्णहूमची आठवण देईल. पक्षाघात झालेल्या मित्राला चौघांनी वाहून आणले, छप्पर उघडले आणि खाटेसकट प्रभूपुढे उतरवले. या उताऱ्यावर मी सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून किती प्रवचने दिली असतील! प्रत्येक वेळी त्या चौघांच्या श्रद्धेचे गुणगान केले आणि भाविकांना घरी पाठवले. छप्पर का उघडावे लागले, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. मार्कने तर ते स्पष्ट नमूद केले आहे: दाराशीही जागा उरली नव्हती. ती जागा अडवून उभे असलेले लोक प्रभूचे वचन ऐकायला आलेले भाविकच होते. उचलणाऱ्या चौघांचे पुतळे उभारण्यात आपण रमलो, आणि दार अडविणारे आपणच, हे वाचायचे राहून गेले. शिवाय त्या कथेचा शेवट असा आहे की तो माणूस स्वतःची खाट स्वतः उचलून, कोणाच्याही खांद्यावर न बसता, बाहेर पडतो.

"पण फादर, असे पाहुणे येतात तरी कितीसे?" हा प्रश्न मला घरमालकांनी विचारला, आपल्या धर्मग्राम समितीतल्या एका हिशेबी सभासदाने विचारला, आणि एका धर्मगुरूनेही विचारला. 2011च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख माणसे अपंग म्हणून नोंदली गेली. त्यांपैकी 54 लाखांवर माणसांचे अपंगत्व चलनवलनाचे होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा 29 लाखांच्या पुढे गेला. त्यात गुडघे गेलेल्या आजीबाई नाहीत, पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण नाही, आणि उद्याचे तुम्ही-आम्हीही नाही. ते येत नाहीत, कारण त्यांना येता येत नाही. विहिरीला झाकण घालून, कोणी पाणी भरायला येत नाही म्हणून तक्रार करण्यातला हा प्रकार आहे.

आता कायद्याचे. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यात सार्वजनिक इमारत या शब्दाच्या व्याख्येत खासगी इमारतीही येतात. लोकांच्या वापरात असलेल्या विरंगुळ्याच्या वास्तू येतात, आणि (हे वाचताना मी चष्मा पुसून घेतला) धार्मिक वास्तूही येतात. जून 2017 मध्ये नियम निघाल्यापासून पाच वर्षांत, म्हणजे 2022पर्यंत, जुन्या इमारतीही सर्वांना वापरता येतील अशा करून घ्यावयाच्या होत्या. सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत वा खासगी, दोनच वर्षे होती. पैसे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला खुले केलेले घर यातून कसे सुटते, हे मला एखाद्या वकिलाने समजावून सांगावे. नियमभंगाला पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो कोणाला झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. राजीव रतुरी यांनी 2005 साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी, म्हणजे आमचे कुटुंब गोव्याचे सामान बांधत होते त्याच महिन्यात, न्यायालयाने सांगितले की सुगमतेची मानके नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत. सक्तीचे नियम करा. खटला उभा राहिल्यापासून एकोणीस वर्षे गेली होती. 2015च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी अपंगाऐवजी दिव्यांग शब्द वापरावा असे सुचवले, तो मात्र महिन्याभरात सगळ्या पाट्यांवर आला. पाटी रंगवायला पायरी तोडावी लागत नाही.

अधिकाऱ्यांवर सारे ढकलून मोकळे होण्याइतकी परिस्थिती सोपी नाही. आपल्याच शहरात पिंपरीहून मेट्रोने निघालो तर लिफ्टने वर जाऊन, खुर्चीवर बसूनच शिवाजीनगरला उतरता येते. जानेवारी 2025 मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये महापालिकेने दिव्यांगांसाठी पर्पल जल्लोष भरवला. गोव्यातही अशा आंतरराष्ट्रीय महोत्सवाची सुरुवात 2023 साली झाली. म्हणजे सरकारी मांडवात खुर्ची फिरते, स्थानकात फिरते. आपल्या माणसाच्या अंगणात आली की अडते.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव आता सर्वांना ठाऊक झाले आहे. 1965च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. पुढे त्यांनी इथल्या टेल्कोत नोकरी केली. 2024 साली त्यांच्यावरचा चित्रपट आला तेव्हा आमचे युवक-युवती गट करून पाहायला गेले आणि ओल्या डोळ्यांनी परतले. अपंग माणूस पदक घेऊन आला तर आपल्याला हवा असतो, दारात हात पसरून आला तरी हवा असतो. कारण दोन्ही वेळा आपले मन उचंबळून येते. तो पूर्ण भाडे मोजून, किल्ली मागून, गरम पाणी कधी येते एवढेच विचारू लागला की आपली पंचाईत होते. मला तेवढाच माणूस अभिप्रेत आहे. आमच्या या तपासनीसाला ना टाळ्या हव्या होत्या, ना भाड्यात सूट. त्याला आंघोळ करायची होती.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. मानकाप्रमाणे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीची उतरण लागते. सात इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे पस्तीस फूट. जुन्या घराच्या अंगणात ती मावेलच असे नाही, आणि पोर्तुगीज काळातल्या बाल्कांवाची मोडतोड करा असे मी म्हणणार नाही. मलाही ती घरे आवडतात. पण एका पायरीच्या घराला सुतार दोन दिवसांत फळ्यांची उतरण करून देतो. न्हाणीघराचे दार रुंद करणे हे गवंड्याचे काम आहे, स्थापत्यविशारदाचे नव्हे. दार आत न उघडता बाहेर उघडेल असे केले तरी निम्मी अडचण सरते. कमोडशेजारी खुर्ची लावण्याइतकी जागा, भिंतीला एक मजबूत दांडा. इटालियन फरशीपेक्षा हे स्वस्त आहे. आणि यातले काहीच जमत नसेल तर मोजपट्टी तरी जमते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, माप घेणारी माणसे प्रत्येक धर्मग्रामात डझनांनी आहेत. मापात न बसलेला भाग ती निर्दयपणे बाजूला काढतात. तीच माणसे निवृत्तीनंतर गावाकडे घर बांधून भाड्याने देतात, तेव्हा दाराची रुंदी विचारली की म्हणतात, "चालेल हो!"

आता माझी पाळी. परतल्यावर ताप उतरला तेव्हा मी त्याला भेटायला गेलो आणि त्या घरमालकाविषयी बरेच कठोर बोललो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "फादर, सात वर्षे झाली, तुम्ही पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येता. मला फार बरे वाटते. पण मी चर्चमध्ये का येत नाही, हे तुम्ही कधी विचारले नाही."

मला उत्तर सुचले नाही. आमच्या चर्चला चार पायऱ्या आहेत. मी त्या रोज चढतो.

पोप फ्रान्सिस मे 2022 पासून लोकांसमोर चाकांच्या खुर्चीत दिसू लागले. त्याआधीच एप्रिलमध्ये माल्टाला जाताना विमानात चढायला त्यांना लिफ्ट लावली होती. ती छायाचित्रे मी सूचना फलकावर लावली होती, पायऱ्या चढून, व्हरांड्यात.

तेव्हा या लेखातला पहिला आरोपी कोण, ते वाचकांनी ठरवावे. आपल्या धर्मप्रांतांतून ध्यानमंदिरे आहेत, शिबिरांची घरे आहेत, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला उतरण्याच्या जागा आहेत. त्यांचे दरवाजे किती इंचांचे आहेत हे सांगू शकणारा एकही धर्मगुरू मला अजून भेटलेला नाही, आणि मीही त्यांतलाच एक आहे.

कारखान्यात तपासनीसाकडे एक हत्यार असते. त्याला गो-नो-गो गेज म्हणतात. आकडा वाचायची गरज नाही. भागातून गेजची 'गो' बाजू गेली आणि 'नो-गो' बाजू अडली तर माल पास, नाही तर नापास. मधले "चालेल" त्याला ठाऊक नसते. नियमपुस्तिका 900 मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ तीन फुटांची मोकळी जागा मागते. जुन्या घरांना सवलत म्हणून आमच्या तपासनीसाने प्लायवूडची बरोबर 30 इंचांची एक पट्टी कापली. खुर्ची 26 इंच आणि दोन्ही बाजूंना बोटे सोलून निघू नयेत म्हणून दोन-दोन इंच, हा त्याचा हिशेब. दार पूर्ण उघडून, चौकट नव्हे तर उरलेली मोकळी जागा, पट्टी आडवी धरून पार व्हायची. त्याने अशा वीस पट्ट्या केल्या आणि म्हणाला, फादर, ज्यांची घरे भाड्याने आहेत त्यांना एकेक द्या. फोटो आणि फुलदाणीबरोबर हेही त्यांनी कळवावे: पायऱ्या किती, बाहेरच्या धरून; पट्टी कोणत्या दारांतून गेली; कोणत्या दारांतून नाही. "नाही" लिहिले तरी त्याला राग नाही.

चौदा पट्ट्या गेल्या. उत्तरे चार आली. त्यांतली तीन "नाही" अशी आहेत, आणि ती वाचताना मला जो आनंद झाला तो गेल्या ऑक्टोबरातल्या सगळ्या होकारांनी मिळून झाला नव्हता. चौथे घर वसईकडचे आहे: पायरी एक, पट्टी तिन्ही दारांतून गेली, न्हाणीघरातही. मालकीणबाईंनी खाली लिहिले आहे की दांडा बसवलेला नाही, बसवायचा असल्यास किती उंचीवर ते कळवावे. तपासनीसाने त्यांना आकृती काढून पाठवली आहे.

पंधरावी पट्टी मी ठेवून घेतली. मागच्या सोमवारी, सभागृहात कोणी नसताना, तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारात ती धरून पाहिली. गेली नाही. धर्मगुरुनिवासाच्या पाहुण्यांच्या खोलीत धरली, तेथेही गेली नाही. चर्चच्या मुख्य दारातून ती सहज गेली. पण तेथे पोहोचायला मी चार पायऱ्या चढलो होतो. त्या पायऱ्यांची उंची सहा-सहा इंच आहे, म्हणजे उतरण चोवीस फुटांची. कुंपणाच्या बाजूने ती बसते, फक्त दोन अशोकाची झाडे आणि माझी मोटारसायकल लावायची जागा जाते. गवंडी येत्या गुरुवारी माप घ्यायला येतो आहे.